वेब फॉर्म्स बिघडत नाहीत, आपण लाइफसायकल वाचत नाही

इनिट_आधी

वेब फॉर्म्सच्या (मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटमधलं वेब पानं बनवायचं तंत्र) नावाने बोटं मोडणं आता इतकं सवयीचं झालंय की नेमकं काय अडलं ते कुणी बघतच नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो, मग हाणा. या तंत्रात रोज भेटणाऱ्या अडचणींपैकी बहुतेक अडचणी पानाचं लाइफसायकल (विनंती आली की सर्व्हरवर पान कोणत्या टप्प्यांतून घडतं तो क्रम) न शिकता कोड लिहिल्यामुळे येतात. आणि त्यांच्यावर जे तोडगे फिरतात ते आजारापेक्षा औषध भयंकर या जातीचे असतात.

सगळ्यात जुनी तक्रार घ्या. ड्रॉपडाउनमधून काहीही निवडा, सेव्ह दाबलं की पहिलाच पर्याय डेटाबेसात जातो. क्रम असा: आधी इनिट, मग व्ह्यूस्टेट (पानात लपवून ठेवलेली आधीची अवस्था) भरला जातो, मग ब्राउझरने पाठवलेली मूल्यं कंट्रोलवर (बटण, यादी, खोका असे पानाचे भाग) चढतात, मग लोड, आणि त्यानंतर बटणाचा क्लिक. तुम्ही पेज लोडमध्ये यादी दर वेळी नव्याने बाइंड करत (डेटाने भरत) असाल, तर क्लिकपर्यंत पोचायच्या आत निवड तुम्हीच पुसलेली असते. 'इज पोस्टबॅक' (पान पहिल्यांदा उघडलंय की भरून सर्व्हरकडे परत आलंय) तपासणारी एक ओळ घातली की विषय संपला.

तीच गोष्ट कोडमधून बनवलेल्या टेक्स्टबॉक्सची. 'आणखी एक ओळ' या बटणाच्या क्लिकमध्ये तो बनवला, पुढच्या पोस्टबॅकला गायब. प्रत्येक विनंतीला पानाचा ऑब्जेक्ट नवा जन्मतो, त्यामुळे असे कंट्रोल दर वेळी, शक्यतो इनिटमध्ये आणि त्याच आयडीने पुन्हा बनवावे लागतात. व्ह्यूस्टेट कंट्रोलची अवस्था लक्षात ठेवतो, कंट्रोल बनवून देत नाही.

खरा राग पुढच्या प्रकाराचा आहे. 'इनव्हॅलिड पोस्टबॅक ऑर कॉलबॅक आर्ग्युमेंट' असा संदेश आला की शंभरातले नव्वद जण सरळ इव्हेंट व्हॅलिडेशन बंद करून मोकळे होतात. ही तपासणी २००५ साली २.० आवृत्तीत आली ती उगाच नाही. सर्व्हरने जो पर्याय कधी दिलाच नव्हता तो परत आला, एवढंच ती सांगते. बहुधा जावास्क्रिप्टने यादी भरलेली असते किंवा पोस्टबॅकमध्ये ग्रिड पुन्हा बाइंड झालेली असते. 'पोटेन्शियली डेंजरस रिक्वेस्ट' चंही तेच: एका मजकुराच्या खोक्यात एचटीएमएल हवं म्हणून अख्ख्या साइटची तपासणी बंद! ४.५ पासून ती एकेका कंट्रोलपुरती सैल करता येते.

रिकामा_डिव्ह

साफ असहमत.

२००२ साली हे तंत्र आलं तेव्हा विकलं कसं गेलं ते आठवा. बटण ओढा, फॉर्मवर टाका, डबलक्लिक करा, कोड लिहा. एचटीटीपी विसरा, डेस्कटॉप ॲप्लिकेशनसारखंच समजा. ज्यांनी विसरलं त्यांनाच आता तुम्ही म्हणताय की वाचलं का नाही? जे तंत्र लपवाछपवीवर उभं आहे त्यात बिघाडही लपूनच बसणार.

एक उदाहरण देतो, सोडवून दाखवा. महिन्याच्या नोंदींची ग्रिडव्ह्यू (तक्ता दाखवणारा कंट्रोल). प्रत्येक ओळीत सहा टेक्स्टबॉक्स आणि दोन चेकबॉक्स. महिन्याच्या सुरुवातीला झकास चालते. अखेरीला सेव्ह दाबलं की पान कोसळतं: 'ऑपरेशन इज नॉट व्हॅलिड ड्यू टू द करंट स्टेट ऑफ द ऑब्जेक्ट'. कसलं ऑपरेशन, कुठला ऑब्जेक्ट? क्लिकच्या पहिल्या ओळीवर ब्रेकपॉइंट (कोड तिथे थांबवणारी खूण) लावला तरी तिथे गाडी येतच नाही. वर आणखी गंमत: ओळी तेवढ्याच असताना नोंदी भरणाऱ्या एकीचं सेव्ह होतं, दुसरीचं अडतं. यात कुठलं लाइफसायकल वाचायचं?

इनिट_आधी

लाइफसायकल नाही, स्टॅक ट्रेस (कोणत्या फंक्शनांतून जाता जाता कोड कोसळला त्याची यादी) वाचायचा. त्यात 'थ्रो इफ मॅक्स एचटीटीपी कलेक्शन कीज एक्सीडेड' असं नाव ठळक दिसतं, याहून स्पष्ट काय हवं? एका विनंतीत जास्तीत जास्त १००० फील्ड, ही मर्यादा आहे. समजा अखेरीला १५० ओळी, गुणिले सहा झाले ९०० टेक्स्टबॉक्स. ते नेहमीच जातात. चेकबॉक्स मात्र टिक केला तरच ब्राउझर पाठवतो. एकीने थोडे टिक केले, ती हजाराच्या आत राहिली. दुसरीने जवळपास सगळे केले, ती बाहेर गेली. तुमची 'गंमत' एवढीच आहे.

आणि ही मर्यादा वेब फॉर्म्सची खोड नाही. मुद्दाम निवडलेली फील्डनावं पाठवून हॅश टेबल (नावावरून मूल्य झटकन शोधायची रचना) गुदमरवायचा हल्ला डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झाला, तो अनेक भाषांना लागू होता. मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात सुरक्षा अपडेट काढलं. पीएचपीमध्येही त्यानंतर तशीच १००० ची मर्यादा आली. तिथे तर एक वॉर्निंग टाकून उरलेली फील्ड सोडून दिली जातात, म्हणजे अर्धवट डेटा सेव्ह. त्यापेक्षा कोसळलेलं पान परवडलं.

रात्रपाळी

तुम्हा दोघांचं भांडण छान चाललंय, पण सपोर्टला बसलेल्या माणसाला विचारा. रात्री येणारे निम्मे फोन पानाच्या कोडबद्दल नसतातच. कोड तोच असतो, खालची जमीन सरकलेली असते.

लोड बॅलन्सरमागे (विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटणारी व्यवस्था) दुसरा सर्व्हर लावला आणि 'व्हॅलिडेशन ऑफ व्ह्यूस्टेट मॅक फेल्ड' सुरू झालं. मशीन की आपोआप बनवायची असं ठेवलं की प्रत्येक सर्व्हर स्वतःची किल्ली बनवतो. एकाने सही केलेला व्ह्यूस्टेट दुसरा नाकारणारच. दोन्हीकडे एकच की लिहायची, हे त्या संदेशातच लिहिलेलं असतं. (मॅक, म्हणजे हीच सही, बंद करायचा सल्ला अजून फिरतोय. ४.५.२ पासून ती सेटिंग मानलीच जात नाही, आणि बरंच आहे. सही नसलेला व्ह्यूस्टेट म्हणजे सर्व्हरवर हवा तो कोड चालवायचं आमंत्रण.)

सेशनचं (सर्व्हरने एकेका वापरकर्त्यापुरती लक्षात ठेवलेली माहिती) दुखणं त्याहून चिवट. 'वेब कॉन्फिगमध्ये टाइमआउट ६० मिनिटं केला, तरी लोक बाहेर फेकले जातात.' अहो, सेशन प्रोसेसच्या मेमरीत आहे आणि आयआयएसमध्ये (मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर) ॲप पूलचा (ॲप चालवणारी प्रोसेस सांभाळणारा भाग) स्वतःचा आयडल टाइमआउट मुळात २० मिनिटांचा असतो. तेवढा वेळ कुणीच फिरकलं नाही की प्रोसेस बंद, सेशन गेलं. शिवाय ॲप पूल मुळातल्या सेटिंगनुसार दर १७४० मिनिटांनी, म्हणजे २९ तासांनी, नव्याने सुरू होतो. आज सकाळी अकराला झाला तर उद्या दुपारी चारला, परवा रात्री नऊला. वेळ रोज पाच तास पुढे सरकते म्हणून कुणालाच त्यात सूत्र दिसत नाही. 'कधीही, कसंही होतं' असं तक्रारीत लिहून येतं. उपाय दोनच: रिसायकलची वेळ ठरवून द्या, नाहीतर सेशन स्टेट सर्व्हरवर किंवा एसक्यूएल सर्व्हरमध्ये हलवा. हलवलात तर सेशनमध्ये ठेवलेले सगळे ऑब्जेक्ट सिरीअलायझेबल (साठवता-पाठवता येईल अशा रूपात बदलता येणारे) लागतील, तिथे पुढचा आठवडा जाईल.

फाइल अपलोडचं थोडक्यात: मर्यादा दोन जागी आहेत. एएसपी डॉट नेटची ४०९६, पण किलोबाइटमध्ये. आयआयएसची ३,००,००,०००, पण बाइटमध्ये. एएसपी डॉट नेटची वाढवून आयआयएसची विसरलात की ४०४.१३ मिळतो (४०४ म्हणजे 'सापडलं नाही') आणि लोक फाइल कुठे हरवली म्हणून शोधत बसतात.

अर्धविराम

अवांतर नाही म्हणून विचारतो. अपडेट पॅनलबद्दल (अख्खं पान न बदलता त्याचा एक भाग ताजा करणारा कंट्रोल) कुणीच का बोलत नाही? माझ्या मते अर्धी बदनामी त्यानेच केली. पान लुकलुकत नाही म्हणून सगळं त्यात कोंबलं. आता तारीख निवडायचं कॅलेंडर पहिल्यांदा उघडतं, एक पोस्टबॅक झाला की मरतं. आणि एक्सेल डाउनलोडचं बटण दाबलं की 'पार्सर एरर'.

इनिट_आधी

@अर्धविराम, अपडेट पॅनल फक्त दिसायला हलका. सर्व्हरवर अख्खं लाइफसायकल चालतं, अख्खा व्ह्यूस्टेट जातो-येतो. फक्त उत्तरातला एक तुकडा बदलला जातो. त्या तुकड्यातलं जुनं एचटीएमएल जातं, त्याला जेक्वेरीने (जावास्क्रिप्टची लायब्ररी) चिकटवलेलं कॅलेंडरही जातं, आणि 'डॉक्युमेंट रेडी' (पान उघडल्यावर चालणारा कोड) पुन्हा चालत नाही. कॅलेंडर जोडायचा कोड पेज रिक्वेस्ट मॅनेजरच्या 'एंड रिक्वेस्ट'मध्ये टाका. डाउनलोडच्या बटणाला पोस्टबॅक ट्रिगर (अख्ख्या पानाचा पोस्टबॅक घडवणारी सेटिंग) द्या. तिथे तुकड्याच्या ठरलेल्या साच्याऐवजी फाइलचे बाइट येतात, म्हणून पार्सर अडखळतो.

थेट_मुद्दा

धागाकर्त्यांचा मूळ मुद्दा बहुतांशी मान्य, पण इव्हेंट व्हॅलिडेशनबाबतची सोवळ्यातली भूमिका पटत नाही. पहिल्या यादीवरून दुसरी यादी वेब सर्व्हिसमधून भरते, असं पान आहे. शक्य असलेली सगळी मूल्यं रेंडरच्या (पानाचं एचटीएमएल बनण्याच्या) वेळी नोंदवून ठेवा म्हणता? ती हजारोंनी आहेत. आलेला कोड मी सर्व्हरवर डेटाबेसशी ताडून बघत असेन, तर त्या एका पानावर तपासणी बंद केली म्हणून काय बिघडलं? खरी तपासणी तीच. इव्हेंट व्हॅलिडेशनच्या भरवशावर जे डेटाबेसकडे बघतच नाहीत त्यांची मला जास्त भीती वाटते.

इनिट_आधी

ताडून बघत असाल तर भांडण नाही. पण पान कशाला, एक कंट्रोल पुरे. ड्रॉपडाउनपासून रिकामा क्लास डिराइव्ह करा. इव्हेंट व्हॅलिडेशनचं ॲट्रिब्यूट मूळ क्लासवर असतं आणि डिराइव्ह केलेल्या क्लाससाठी ते धरलं जात नाही, म्हणजे तेवढ्याच कंट्रोलला सूट मिळते. आणि मग 'सिलेक्टेड व्हॅल्यू' विचारू नका, ती चुकीचीच मिळेल. सर्व्हरच्या यादीत तो पर्याय नाही, त्यामुळे मूल्य थेट रिक्वेस्टच्या फॉर्ममधून, कंट्रोलच्या युनिक आयडीने उचलावं लागतं. तपासणी बंद करूनही 'चालत नाही' म्हणणारे बहुतेक इथेच अडकतात.

रिकामा_डिव्ह

बघा, बघा. एक यादी भरायची तर रिकामा क्लास, वगळलेलं ॲट्रिब्यूट, युनिक आयडी. तुम्ही माझीच बाजू मांडताय! तुमची उत्तरं बरोबर आहेत, मी नाकारत नाही. पण ही विद्या आता किती जणांना शिकवणार? एएसपी डॉट नेट कोअर २०१६ मध्ये आलं, त्यात वेब फॉर्म्स नाहीत आणि येणारही नाहीत. नवीन पोरांना हे शिकण्यात काडीचा रस नाही, आणि त्यांचं चुकत नाही. पुढे प्रॉक्सी (विनंती जुन्या किंवा नव्या ॲपकडे वळवणारा मध्यस्थ) ठेवून एकेक पान नव्या प्रोजेक्टमध्ये हलवता येतं. डागडुजीवर जाणारा वेळ तिकडे घाला.

रात्रपाळी

आणि हलवलेल्या पानातले नियम कुठून आणणार? वीस वर्षांत ते कोडबिहाइंडमध्ये (पानामागची कोड फाइल), क्लिकच्या आत, कुणाच्या तरी डोक्यात साचलेत. डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ विंडोजसोबत सांभाळलं जातंय, आग लागलेली नाही. हलवा, पण आधी आहे ते नीट चालवून, त्याचं वागणं समजून घेऊन. नाहीतर तोच बिघाड नव्या तंत्रात लिहून काढाल.

अर्धविराम

हे सगळं ठीक, पण त्या १५० ओळींच्या ग्रिडचं काय करायचं? व्ह्यूस्टेट बंद केला तर फील्ड कमी होतील ना?

रात्रपाळी

नाही. व्ह्यूस्टेट कितीही फुगला तरी मुळातल्या सेटिंगमध्ये ते एकच लपलेलं फील्ड असतं, मोजणीत एक. आज महिनाअखेर असेल तर ॲप सेटिंग्जमध्ये मर्यादा २००० करा आणि लोकांना घरी जाऊ द्या.

इनिट_आधी

आणि सोमवारी पेजिंग लावा. एका पानावर ५० ओळी, दर पानाला सेव्ह.

रिकामा_डिव्ह

पेजिंगमध्ये सेव्ह न करता दुसऱ्या पानावर गेलं की भरलेलं उडतं. त्याचा फोन रात्रपाळीलाच येणार आहे. त्यापेक्षा ज्या ओळीत बदल झाला तेवढीच ओळ जावास्क्रिप्टने पाठवा.

रात्रपाळी

पाठवा की. फक्त तो वेब मेथड (ती ओळ स्वीकारणारं सर्व्हरवरचं फंक्शन) सेशन तपासतो ना, ते मला आधी दाखवा.