सातव्या फेरीतला खेळाडू आणि करार
एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये संघ दरवर्षी ड्राफ्टमधून, म्हणजे फेऱ्याफेऱ्यांनी, नवे खेळाडू निवडतात. त्यातल्या सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीतल्या पोरांना करार देणं म्हणजे जागा वाया घालवणं, असं एक मत आहे; मला ते अर्धंच पटतं. संघाला एका वेळी ५० च करार ठेवता येतात, त्यामुळे पैशापेक्षा जागेची चणचण मोठी, हे खरंच. पण खेळाडू कुठून निवडलाय त्यावर बरंच ठरतं. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधला असेल तर दोन वर्षांत, १ जूनपर्यंत, करार करायचा की नाही याचा निर्णय घ्यावा लागत आलाय. विशीतल्या पोराचं शरीर तेव्हा कुठे भरत असतं! कॉलेजवाल्यांच्या बाबतीत मात्र थांबता येतं. जो पावेल्स्कीला सॅन होजे संघानं २००३ मध्ये सातव्या फेरीत २०५ व्या क्रमांकावर घेतलं. तो विस्कॉन्सिन विद्यापीठाकडून खेळला, २००६ मध्ये कॉलेजचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकला आणि मगच एनएचएलमध्ये आला. पुढे गोल आणि गोलसाठी दिलेले पास धरून हजारावर पॉइंट्स.

थांबण्यात धोकाही आहे. विल बुचर हा कॉलेजवाला, कोलोरॅडो संघाची २०१३ ची पाचव्या फेरीतली निवड, २०१७ मध्ये सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा होबी बेकर पुरस्कार मिळवून कुठल्याही संघात जायला मोकळा झाला आणि न्यू जर्सी संघाकडे गेला. कोलोरॅडोच्या हाती काहीच उरलं नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: ज्युनियरमधल्या पोरात एक जरी गुण खरोखर वरच्या दर्जाचा दिसला, स्केटिंग म्हणा किंवा खेळाची समज, तर सही करावी. नुसते गोल मोजून करू नये.