मदत हवी आहे : मानसशास्त्राच्या रेसिडेन्सीत वर्णभेदाविषयीचे लेखी धोरण कसे असावे?

सर्वांना नमस्कार.

मी कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातल्या एका रुग्णालयात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे आणि डॉक्टरेटच्या शेवटच्या टप्प्यावर वर्षभराच्या रेसिडेन्सीसाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांची सुपरवायझर म्हणूनही काम पाहते. आमच्या रेसिडेन्सीची माहितीपुस्तिका नव्याने लिहायची आहे आणि तिच्यातला विविधता, समन्याय व वर्णभेदविरोध हा भाग माझ्याकडे आला आहे. जुन्या पुस्तिकेत या विषयावर एकच परिच्छेद आहे. हे रुग्णालय मूलनिवासींच्या भूमीवर उभे आहे, एवढा उल्लेख आणि त्यापुढे 'आम्ही सर्वांचे स्वागत करतो' हे वाक्य. अडचणीच्या वेळी त्या परिच्छेदावर बोट ठेवून कोणत्याही रेसिडेंटला काहीही मागता येत नाही.

अशी वेळ कशी येते ते सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. हिजाब घालणारी एक रेसिडेंट नव्या रुग्णाला आत बोलवायला जाते. तो तिच्याकडे पाहतो, स्वागतकक्षाकडे वळतो आणि 'मला इथली कोणीतरी द्या' असे म्हणतो. तिथली कर्मचारी गोंधळ नको म्हणून त्याला लगेच दुसऱ्या रेसिडेंटची वेळ देते, आणि फाइलमध्ये 'वेळेची अडचण' एवढीच नोंद राहते. त्या आठवड्याच्या सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे सुपरवायझरबरोबरच्या नेमाच्या चर्चेत, तिला 'तुला काय वाटले' असे विचारले जाते. ते विचारायला हवेच; पण त्या पाच मिनिटांत बाकीच्यांनी काय करायला हवे होते, हे कोणीच विचारत नाही. शिवाय तिच्या रुग्णभेटीचे तासही कमी होतात. कॅनेडियन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या मान्यतेनुसार रेसिडेन्सी किमान १६०० तासांची असावी लागते, त्यामुळे प्रत्येक रेसिडेंटचे या हिशोबाकडे लक्ष असते. तक्रार करावी तर ज्याच्याकडे करायची त्याच्याच मूल्यमापनावर पदवी अवलंबून, म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

यावर 'अशा रुग्णाला सरळ नकार द्यावा' हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. आत्महत्येचा धोका असलेल्या माणसाला परत पाठवता येत नाही. स्मृतिभ्रंश किंवा सायकोसिस (वास्तवाचे भान सुटणे) असलेल्या रुग्णाचे बोलणे वेगळ्या रीतीने घ्यावे लागते. लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रीने स्त्री थेरपिस्ट मागणे, किंवा आयुष्यभर वर्णभेद भोगलेल्या कृष्णवर्णीय रुग्णाने कृष्णवर्णीय थेरपिस्ट मागणे, याला आणि वरच्या प्रसंगाला एकाच मापाने मोजणे चूक आहे. मात्र हा फरक ऐन वेळी रेसिडेंटने एकटीने करावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. तो सुपरवायझरने करावा, रुग्णाशीही त्यानेच बोलावे आणि रेसिडेंटला थांबायचे की बाजूला व्हायचे हे ठरवण्याची मोकळीक असावी, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा मुद्दा कामाच्या वाटपाचा. रेसिडेन्सीच्या सामायिक अर्जात विविध समाजगटांबरोबरच्या अनुभवावर ५०० शब्दांचा निबंध लिहावा लागतो; निवड करणाऱ्या संस्थेला मात्र तसा निबंध कोणी मागत नाही. निवड झाल्यावर हिंदी, पंजाबी किंवा अरबी येणाऱ्या रेसिडेंटकडे त्या भाषेचे सगळे रुग्ण आणि वर दुभाष्याचे कामही जाते, आणि न्यूरोसायकॉलॉजीसारख्या (मेंदू व वर्तनाचा संबंध तपासणारी शाखा) रोटेशनसाठी, म्हणजे त्या विभागातल्या ठरावीक काळाच्या प्रशिक्षणासाठी, हवा असलेला वेळ त्यातच संपतो. याची दखल मूल्यमापनात घेणारी पद्धत कोणी प्रत्यक्षात वापरली आहे का?

चाचण्यांबद्दलही लिहायचे आहे. एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या निवृत्त खेळाडूंना मेंदूच्या आघातांबद्दल भरपाई देताना कृष्णवर्णीय खेळाडूंचे गुण वेगळ्या नॉर्म्सवर (गुणांची तुलना ज्यांच्याशी करतात ती गटाची प्रमाणे) तपासले जात. त्यांची मूळ क्षमता कमी होती असे त्यात गृहीत धरलेले असल्याने स्मृतिभ्रंश सिद्ध करणे त्यांना अधिक अवघड जाई. २०२० मध्ये दोन माजी खेळाडू न्यायालयात गेले आणि २०२१ मध्ये ही पद्धत सोडण्याचे लीगला मान्य करावे लागले. हे उदाहरण रेसिडेंटना शिकवावेच. पण पुढच्या आठवड्यात अहवाल लिहिताना कोणते नॉर्म्स वापरले आणि का, हे त्यांनी एका परिच्छेदात लिहावे, अशी सक्ती मला जास्त उपयोगाची वाटते.

मूलनिवासींच्या बाबतीत कॅनडाच्या सत्य व सामंजस्य आयोगाने (मूलनिवासी मुलांच्या निवासी शाळांतल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या आयोगाने) २०१५ मध्ये ९४ आवाहने केली. त्यांपैकी २३ वे आवाहन आरोग्यक्षेत्रात मूलनिवासी व्यावसायिकांची संख्या वाढवण्याबद्दल आणि सर्वच आरोग्यसेवकांना सांस्कृतिक प्रशिक्षण देण्याबद्दल आहे. एक दिवसाच्या कार्यशाळेने ते पुरे होत नाही.

हे सगळे मराठीत विचारण्याचे कारण जात. ऑन्टारियो मानवी हक्क आयोगाने ऑक्टोबर २०२३ मध्ये जातीवर आधारित भेदभावाबद्दल आपली भूमिका जाहीर केली, तरी आमच्या प्रशिक्षणात जातीचा शब्दही निघत नाही. दक्षिण आशियाई रुग्णाला दक्षिण आशियाई थेरपिस्ट दिला की सोय झाली, असे मानले जाते. समोरच्या थेरपिस्टचे आडनाव ऐकून एखादा दलित रुग्ण गप्प होऊ शकतो, हे माझ्या गोऱ्या सहकाऱ्यांना ठाऊक नसते आणि आपल्यातले सवर्ण सहकारी बहुधा सांगत नाहीत. सुपरव्हिजनमध्ये हा विषय कसा काढावा, म्हणजे दलित रेसिडेंटला स्वतःची ओळख उघड करणे भाग पडणार नाही, यावर मला सर्वांत जास्त मदत हवी आहे.

कॅनडा, अमेरिका किंवा ब्रिटनमध्ये मानसशास्त्र, वैद्यक, नर्सिंग वा समाजकार्याचे प्रशिक्षण घेतलेल्या किंवा देणाऱ्या, तसेच भारतात क्लिनिकल सायकॉलॉजी शिकलेल्या सर्वांना विनंती की आपल्याकडे रुग्णाने रेसिडेंटला नाकारल्यास कोणी काय करायचे याचा लेखी मजकूर असेल, तर तो द्यावा. स्वतःच्या सुपरवायझरला वगळून तक्रार कुठे करता येत होती, आणि तक्रार केल्यानंतर मूल्यमापन कोणी केले, हेही कळवावे. जुलैच्या मध्यावर पुढच्या वर्षाचे अर्ज खुले होतात, त्याआधी मसुदा समितीपुढे ठेवायचा आहे. उघडपणे लिहिणे अडचणीचे असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप पाठवावा. संस्थेचे नाव नको, मजकूर पुरेसा आहे.