ठरवलेली भेट दर वेळी पुढे जाते. आपण काय करता?

अबोली, पेडणे
महाविद्यालयातील माझी जिवलग मैत्रीण लग्नानंतर काणकोणला असते. मी गोव्याच्या उत्तर टोकाला, ती दक्षिण टोकाला. मधले अंतर सुमारे 100 किलोमीटर. कोकण रेल्वे दोन्ही तालुक्यांतून जाते, झुआरीवरचा नवा पूलही झाला, तरीही दोन वर्षांत आमची भेट नाही. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत आणि ठरवलेला प्रत्येक रविवार पुढे ढकलला जातो. ही भेट नेमाने व्हावी, यासाठी आपण काय करता?

पणजीकर
5 जुलै 1986 रोजी मांडवीवरचा पूल कोसळला, आणि नवा पूल व्हायला 1992 उजाडले. माझा मित्र तेव्हा पलीकडे पर्वरीला राहत असे. त्या पावसाळ्यात बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीसाठी माणसांची झुंबड उडे, तरी तो दर शनिवारी संध्याकाळी येई, अर्धा तास बसे आणि परतीची बोट चुकू नये म्हणून चहा घाईने संपवून उठे. आम्ही काय बोललो ते आज आठवत नाही. दाराशी छत्री निथळत ठेवणारा तो मात्र लख्ख आठवतो. आजारी माणूस घरात असताना तिने बाहेर पडावे, ही अपेक्षा योग्य नव्हे. तूर्त आपणच जावे, अर्ध्या तासासाठी का होईना.

अंत्रुजकर
तूर्त जावे हे खरे, पण एकाच बाजूने होणारी ये-जा फार काळ टिकत नाही, असा माझा अनुभव आहे. माझा मित्र बेळगावला असतो. गणेशचवथीच्या आदल्या दिवशी तो चोर्ला घाट उतरून आमच्याकडे येतो, कारण माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची सजावट, बांधण्याचे काम आमच्या घरी त्याचे आहे. नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, कांगलां आणून ठेवलेली असतात, पण तो येईपर्यंत कोणी हात लावत नाही. तुळशीच्या लग्नाला मी दिंड्याची काठी घेऊन त्याच्याकडे जातो. नुसती भेट पुढे ढकलता येते, अंगावर घेतलेले काम ढकलता येत नाही.

अबोली, पेडणे
दोघांचीही मनःपूर्वक आभारी आहे. मैत्रिणीशी आताच बोलले. येत्या शनिवारी सकाळी मी सासूबाईंजवळ बसेन, तेवढ्यात ती तिची बँकेची आणि बाजाराची तुंबलेली कामे उरकून येईल. त्यानंतर परतीच्या गाडीपर्यंतचा वेळ आम्हा दोघींचा.