'ले-ऑफ'ला मराठीत काय म्हणावं?

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी मनुष्यबळ विभागात आहे. निम्मे कामगार युनियनमध्ये, बाकीचे बाहेर. फलकावर लागणाऱ्या मराठी नोटिसा मी लिहिते.

कच्चा माल न आल्यामुळे एक विभाग 4 दिवस बंद ठेवायचा होता. मसुद्यात कुणीतरी 'टाळेबंदी' लिहिलेलं. ते चूकच. वाद पेटलेला असताना मालक फाटकाला कुलूप लावतो, ती टाळेबंदी. 2020मध्ये वर्तमानपत्रांनी लॉकडाऊनलाही हाच शब्द वापरला आणि घोळ वाढला. मी तो खोडून 'ले-ऑफ' केलं. दुपारी पॅकिंगमधल्या एका बाईंनी फलकावरच्या नेमक्या त्याच शब्दावर बोट ठेवलं. "म्हळ्यार आमचें काम गेलें?" आयटी कंपन्यांच्या बातम्यांत ले-ऑफ म्हणजे नोकरी गेलीच, मग त्यांनी दुसरं काय समजावं? युनियनवाल्यांना त्यांच्या सेक्रेटरींनी आधीच नीट सांगितलं होतं. या बाई सभासद नाहीत, त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. ते माझ्या मनातून जात नाही. नेमका शब्द सुचवाल का?

उत्तर :

ताई, 'कामबंदी' मात्र लिहू नका. 'काम बंद आंदोलन' इतकं कानात बसलंय की कामगारांनीच काम थांबवलं असं वाटतं.

1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफचा अर्थ स्वच्छ होता : कोळसा, वीज, कच्चा माल नाही किंवा यंत्र बिघडलं म्हणून मालक काम देऊ शकत नाही, पण माणसाचं नाव हजेरीपटावर राहतं. मोठ्या कारखान्यात वर्षभर सलग नोकरी झालेल्याला मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई. हजेरीपटावरून नाव गेलं की ती कामगार-कपात.

मी डिचोलीकडे खाणीवर होतो. 2012मध्ये खाणी थांबल्या तेव्हा आम्ही 'बसवलं' म्हणायचो. 'काढलं' म्हणायला कुणाची जीभ रेटत नसे. बसवलेल्याला परत बोलावणं येईल, एवढी आशा त्या शब्दात होती. नोटिशीत 'बसवलं' शोभणार नाही, हे खरं. म्हणून एका शब्दाचा हट्ट सोडा, सरळ वाक्य लिहा : 'कच्च्या मालाअभावी 4 दिवस काम देता येत नाही. तुमची नोकरी चालू आहे, नाव हजेरीपटावर आहे.' कंसात 'ले-ऑफ' चालेल, हिशेबाला लागतो. पण नोकरीचं वाक्य सगळ्यात वर, ठळक अक्षरांत. भरपाईचा तपशील आणि परत कामावर कधी यायचं ते त्याखाली.