वीस हजारांत कामाचा फोन हवाय, नवी पेठेतून घ्यावा की ऑनलाइन?

टेरीटॉवेल
नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेल-नॅपकिनचं छोटं युनिट आहे. फोनवर दिवसभर पार्ट्यांना डिझाइनचे फोटो पाठवणं, यूपीआय, ई-वे बिल आणि कॉल, एवढंच काम. गेम अजिबात नाही. बजेट वीस हजार, फारच चांगला असेल तर बावीस. चार-पाच वर्षं चालला पाहिजे.

नवी पेठेत दोन-तीन दुकानं फिरलो. मी एक मॉडेल विचारायचं आणि पोरानं दुसरंच काढून हातात द्यायचं, असं सगळीकडे चाललंय. "मालक, ते नका घेऊ, हे बघा." वर ऑनलाइन बघितलेलं मॉडेल दुकानात नाहीच. त्याच कंपनीचं जवळपास तसंच मॉडेल आहे, पण नाव वेगळं आणि किंमत जास्त. हा काय प्रकार आहे?

आणखी एक, रंगाची अडचण. मरून टॉवेलचा फोटो पाठवला की पार्टीला तो लाल दिसतो, आणि मग माल पोचल्यावर वाद. यात कुठला फोन बरा?

नवीपेठ_काउंटर
मालक, मी बरीच वर्षं मोबाइल दुकानात काउंटरला होतो. आता धंदा वेगळा आहे, म्हणून मोकळं सांगतो.

तुम्हाला फोन हातात देणारं पोरगं बऱ्याचदा दुकानाचं नसतंच. ते कंपनीचं प्रमोटर असतं. पगार कंपनीचा, टार्गेट कंपनीचं, आणि ठरावीक मॉडेल खपलं की वर इन्सेंटिव्ह. दुकानदाराचंही तसंच. महिनाअखेरीला स्कीम पूर्ण व्हायला चार नग कमी असतील, तर आलेल्या गिऱ्हाइकाला तेच चार नग दाखवले जाणार. त्याला लबाड म्हणू नका. फोनवर मार्जिन इतकं कमी असतं की स्कीमशिवाय त्याचं भाडं निघत नाही.

ओप्पो आणि विवो भारतात वाढल्या त्या याच वाटेनं. तालुक्याच्या गावापर्यंत डीलर नेमले, दुकानाचे बोर्ड हिरवे-निळे करून दिले, डीलरला चांगलं मार्जिन दिलं. विवोनं आयपीएलची टायटल स्पॉन्सरशिप घेतली, ओप्पोचं नाव २०१७ ते २०१९ टीम इंडियाच्या जर्सीवर होतं. हा सगळा खर्च फोनच्या किमतीतच बसवलेला असतो. बदल्यात तुम्हाला माल हातात घेऊन बघता येतो आणि अडचण आली तर भांडायला समोर माणूस असतो.

शाओमीचं गणित उलटं. २०१४ मध्ये ती भारतात आली ती फ्लिपकार्टवरच्या फ्लॅश सेलनं. दुकान नाही, बोर्ड नाही, त्यामुळे किंमत खाली. २०१८ मध्ये मालक लेई जुन यांनी जाहीर सांगितलं की हार्डवेअरवर निव्वळ नफा पाच टक्क्यांच्या वर घेणार नाही. मग पैसा कुठून? फोनमधल्या जाहिराती, थीम, अ‍ॅप अशा इंटरनेट सेवांमधून. शेअर बाजारात उतरताना त्यांनी दिलेले २०१७ चे आकडे आहेत. या सेवांचा विक्रीतला वाटा दहा टक्क्यांहूनही कमी, पण ढोबळ नफ्यातला वाटा एक तृतीयांशाच्या वर. स्वस्त फोनमध्ये नोटिफिकेशन का वाजत राहतात, याचं उत्तर इथं आहे. पुढं त्यांनाही दुकानांत यावं लागलं, कारण ऑनलाइन घेणारं गिऱ्हाईक एका मर्यादेपलीकडे वाढेना.

आता तुमचा दोन नावांचा प्रश्न. सॅमसंगनं जानेवारी २०१९ मध्ये एम १० आणि एम २० आणले ते खास ऑनलाइनसाठी. दुकानाला ए सिरीज, अ‍ॅमेझॉनला एम, नंतर फ्लिपकार्टला एफ. एकच फोन दोन्हीकडे ठेवला तर ऑनलाइनचा भाव दाखवून गिऱ्हाईक दुकानदाराशी घासाघीस करतं आणि दुकानदार चिडून तो ब्रँडच मागं ढकलतो. नावं वेगळी केली की तुलना अवघड होते. म्हणून नाव सोडा. प्रोसेसर, बॅटरी आणि अपडेट किती वर्षं, एवढं कागदावर शेजारी लिहून बघा.

बाळीवेस
स्वदेशी घ्या की मालक. लावा कंपनीचा आहे, सर्व्हिससाठी माणूस घरी येतो म्हणतात.

नवीपेठ_काउंटर
@बाळीवेस, घरी येऊन सर्व्हिस देतात हे खरं. पण सोलापूरच्या पिनकोडला ती मिळते का, हे कस्टमर केअरला फोन लावून विचारावं, मगच पैसे मोजावेत.

दुसरी स्वदेशी कंपनी मायक्रोमॅक्स, तिचं मला अजून वाईट वाटतं. २०१४ च्या शेवटी एका संस्थेच्या मोजणीत त्यांनी भारतात स्मार्टफोन विक्रीत सॅमसंगला मागं टाकलं होतं. पण स्वतःचं संशोधन कमी, चीनमधून तयार डिझाइन आणून नाव लावायचं, असं चाललं होतं. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, लोक रातोरात ४जी व्होल्टी (४जी नेटवरूनच कॉल लागणारे फोन) मागायला लागले, आणि इकडं ३जीचा माल गोदामात पडून. तेवढ्यात चिनी कंपन्यांनी दुकानं भरून टाकली. आमच्या काउंटरवर ते फोन फुकट दिले तरी कुणी विचारत नव्हतं. त्यातून लावा टिकली याचा मला आनंद आहे, आणि तिनं जोर धरावा अशी मनापासून इच्छा आहे.

आसरा_चौक
रंगाचं मी सांगतो, कपड्यांचे कॅटलॉग शूट करायलोय बरीच वर्षं.

फोन बदलून हे सुटणार नाही, थोडी सवय बदलावी लागेल. बहुतेक कंपन्या फोटो मुद्दाम भडक करतात, कारण दुकानात दोन फोन शेजारी ठेवले की भडक असलेला पटकन विकला जातो. लाल आणि मरून यांत सगळ्यात जास्त घोळ होतो. कॅमेऱ्यातलं एआय किंवा सीन ऑप्टिमायझर बंद करा. डिस्प्लेचा मोड 'व्हिव्हिड' असेल तर 'नॅचरल' करा, नाहीतर तुम्हाला स्वतःलाच चुकीचा रंग दिसत राहतो. ट्यूबलाइटखाली फोटो काढू नका. सकाळी दहाच्या आसपास शेडच्या दारात, थेट ऊन न पडणाऱ्या जागी टॉवेल पसरा आणि शेजारी एक पांढराशुभ्र नॅपकिन ठेवा. तो नॅपकिन फोटोत पिवळट किंवा निळसर दिसला, तर प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स हलवून तो पांढरा करा. मरून आपोआप जागेवर येतो.

तरीही पार्टीची स्क्रीन तुमच्या हातात नाही. मोठ्या ऑर्डरला शेड कार्ड (रंगाच्या प्रत्यक्ष नमुन्यांचं कार्ड) कुरिअर करा, त्याला पर्याय नाही.

होटगीरोड
ऑनलाइन घेणार असाल तर आधी सर्व्हिस सेंटर प्रत्यक्ष जाऊन बघा. आमच्या पाहुण्यांनी एका कंपनीचा फोन मागवला. अपडेटनंतर स्क्रीनवर हिरवी उभी रेघ आली. इथलं सेंटर म्हणालं पार्ट पुण्याहून येईल, आणि त्यात पार महिना गेला. तोवर यूपीआय बंद, धंदा खोळंबलेला. सेंटरमध्ये सरळ विचारायचं, "या मॉडेलची स्क्रीन स्टॉकला आहे का, कितीला?" उत्तर देताना समोरचा चाचरला तर तो फोन घेऊच नका.

नवीपेठ_काउंटर
होटगीरोड यांचं शंभर टक्के बरोबर. माझं मत एका वाक्यात: तुम्हाला पाच वर्षं काढायचीत, म्हणून रॅम-मेगापिक्सेल बाजूला ठेवा आणि अपडेटच्या हमीवर फोन निवडा. सिक्युरिटी पॅच (सुरक्षेचे अपडेट) थांबले की ज्या फोनवर पार्टीचे पैसे येतात तोच धोक्यात येतो.

या बाबतीत सॅमसंगनं स्वस्तातही चांगलं धोरण ठेवलंय. ए १६ ५जी २०२४ मध्ये आला तो सहा अँड्रॉइड अपडेटच्या हमीसह. वेगात तो मागं आहे, गेम खेळणाऱ्याला मी कधी सांगणार नाही, पण तुमचं काम आरामात होईल. कंपनीला हे परवडतं कारण स्क्रीन, मेमरी, बरेचसे पार्ट ती स्वतःच बनवते आणि नोएडाचा कारखाना मोठा आहे. मोटोरोलाचा इंटरफेस साधा असतो, हाताला छान लागतो, पण या किमतीत अपडेट किती वर्षं ते मॉडेलप्रमाणे तपासा. ए १६ नंतरचं मॉडेल बजेटमध्ये बसत असेल तर तेच बघा.

घ्या मात्र नवी पेठेतूनच. ऑनलाइनचा भाव दाखवा, दुकानदार तितका उतरणार नाही, पण कव्हर-ग्लास आणि जुन्या फोनचा एक्स्चेंज भाव यात बरंच जमवून देतो. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणाले तर प्रोसेसिंग फी आणि सोबत चिकटवलेला विमा किती, ते आधी कागदावर लिहून मागा.

टेरीटॉवेल
खूप आभार सगळ्यांचे. पांढऱ्या नॅपकिनची युक्ती आज जुन्याच फोनवर करून बघितली, मरून खरंच मरून आला. ए सिरीजच घेतो, पण आधी सर्व्हिस सेंटरला चक्कर मारून. अजून एक, आमच्याकडं सुताची धूळ फार आणि एप्रिल-मेमध्ये शेड तापते. त्याला काय करू?

नवीपेठ_काउंटर
धूळ चार्जिंगच्या होलमध्ये दाबून बसते आणि पिन सैल लागते. रिपेअरवाला लगेच चार्जिंग पट्टी बदला म्हणतो. त्याआधी फोन बंद करून लाकडी टूथपिकनं हलक्या हातानं तूस काढा, बहुतेक वेळा तेवढ्यानंच भागतं. सुई किंवा पिन अजिबात घालू नका.

उन्हाळ्यात शेडमध्ये चार्जिंगला लावू नका. अ‍ॅपलसुद्धा आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेतच वापरा म्हणते, आणि आपल्याकडं मेमध्ये ४० च्या वर जातं. रात्री घरी चार्ज करा. बिलावर दोन्ही आयएमईआय (फोनचे ओळख क्रमांक) छापून घ्या, आणि *#०६# दाबून दुकानातच जुळवून बघा.