नोकरी आवडते, पण आता झेपत नाही: सरकारी शाळेतल्या शिक्षकांचं बिनसतंय कुठे?

निळीशाई

सरकारी शाळेत शिकवते, बरीच वर्षं झाली. माझ्या आसपासच्या काही उत्तम शिक्षिका मुदतीआधीच निवृत्ती घ्यायच्या गोष्टी करू लागल्या आहेत. मुलांना वैतागलेल्या नव्हेत, मुलांमध्ये रमणाऱ्या. म्हणून हा धागा.

शिक्षकांच्या थकव्याचा विषय निघाला की दोनच सूर लागतात: 'बिचारे शिक्षक' नाहीतर 'एवढ्या सुट्ट्या असून तक्रार कसली'. दोन्हीकडे एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की समाधानी माणूस थकत नाही. मला हे पटत नाही. ओईसीडी या बहुतेक विकसित देशांच्या संघटनेने शिक्षकांची केलेल्या 'टॅलिस' या २०१८ च्या पाहणीत सदस्य देशांतल्या सरासरी ९० टक्के शिक्षकांनी सांगितलं की एकंदरीत नोकरीबद्दल आम्ही समाधानी आहोत. त्याच पाहणीत जवळपास निम्म्यांनी प्रशासकीय कामाचा मोठा ताण येतो असं सांगितलं, आणि समाजाला आपल्या पेशाची किंमत आहे असं मानणारे होते फक्त २६ टक्के. म्हणजे समाधान आणि ताण एकाच माणसात शेजारी शेजारी राहतात. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्येच हे मांडलं होतं, की समाधान देणारी कारणं वेगळी असतात आणि असमाधान देणारी वेगळी.

माझं म्हणणं एवढंच: शिक्षकाला समाधान मिळतं वर्गात आणि तो थकतो वर्गाबाहेर. डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये लिहिलं होतं, की शिक्षकाचा मुख्य मोबदला मनाला मिळणारा असतो. मूल शिकलं हे डोळ्यांनी दिसणं, हाच तो मोबदला. मग माहिती भरणं, तीच माहिती दुसऱ्या नमुन्यात पुन्हा भरणं, फोटो काढून पाठवणं, बैठका, यांत मुलांचा वेळ गेला की फक्त कामाचे तास वाढत नाहीत, मोबदलाही कापला जातो. अमेरिकी अभ्यासक डोरिस सँटोरो यांनी २०११ मध्ये इथे एक फरक दाखवला. ताकद संपलेला शिक्षक वेगळा आणि चांगलं शिकवायची वाटच बंद झाल्यामुळे खचलेला शिक्षक वेगळा. पहिल्याला विश्रांती देता येते. दुसऱ्याला विश्रांती देऊन काहीच होत नाही, कारण परत येऊन त्याला तेच करायचं असतं.

तुमचे अनुभव लिहा. विरोधही चालेल.

आडवाट

निळीशाई मॅडम, तुम्ही मनापासून लिहिलंय. पण मी पालक आहे आणि मला दुसरी बाजू दिसते. माझी मुलगी सरकारी शाळेत जाते, दुसरी शाळा परवडत नाही म्हणून. शिक्षक थकला तर त्याला रजा आहे, बदली आहे, म्हातारपणी निवृत्तिवेतन आहे. माझ्या मुलीची तिसरी एकदाच येणार.

तुम्ही ज्या कागदपत्रांना वैतागला आहात, ती आली कुठून? २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बांगलादेश, भारत, इंडोनेशिया, इक्वेडोर, पेरू आणि युगांडा अशा सहा देशांतल्या प्राथमिक शाळांना अचानक भेटी दिल्या होत्या. सरासरी १९ टक्के शिक्षक शाळेत सापडले नाहीत. दर पाचातला जवळजवळ एक. लोकांच्या पैशाने चालणारी व्यवस्था अशी असेल तर नोंदी मागितल्या जाणारच. नोंदी काढून टाका म्हणणं सोपं आहे. पण मग शिकवलं गेलं की नाही हे मला कोण सांगणार?

आणि ताण कोणाला नाही? मी ज्या गोदामात काम करतो तिथे तर समाधानाबद्दल कुणी विचारतही नाही.

सौमित्र_क

@निळीशाई, ९० टक्क्यांवर फार भिस्त ठेवू नका. पाहणी जे नोकरीत टिकले त्यांची होते. सोडून गेलेले त्यात येतच नाहीत. युनेस्कोच्या आकडेवारीनुसार प्राथमिक शाळा सोडणाऱ्या शिक्षकांचं जागतिक प्रमाण २०१५ मध्ये ४.६ टक्के होतं, २०२२ मध्ये ते ९ टक्क्यांच्या आसपास गेलं.

@आडवाट, 'ताण सगळ्यांनाच' हे खरं, पण सगळ्यांना सारखा नाही. गॅलपच्या २०२२ च्या अमेरिकेतल्या पाहणीत शालेय क्षेत्रातल्या ४४ टक्के कर्मचाऱ्यांनी 'नेहमी' किंवा 'बऱ्याचदा' कामाने पार गळून गेल्यासारखं वाटतं असं सांगितलं. बाकी क्षेत्रांत हेच प्रमाण ३० टक्के. आता तुम्ही दिलेल्या सहा देशांच्या अभ्यासाबद्दल. त्यातलंच आणखी एक निरीक्षण सांगतो: जास्त पगारामुळे गैरहजेरी कमी होते याला तिथे फारसा आधार मिळाला नाही, मात्र इमारत आणि सोयी बऱ्या असलेल्या शाळांत ती कमी दिसली. म्हणजे शिक्षक कुठे आणि कशा परिस्थितीत काम करतो, याचा हजेरीशी संबंध आहे. तुमचा आकडा निळीशाईंच्या विरोधात जातो असं मला वाटत नाही.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, शिक्षिका नाही. पण बर्नआउट, म्हणजे कामाने पार गळून जाणं, आमच्या वॉर्डात रोज बघते म्हणून लिहिते.

आडवाट दादा, सुट्टी आणि पगार असला की माणूस थकत नाही, असं नसतं. १९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी या अवस्थेचं वर्णन केलं ते न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यातल्या कार्यकर्त्यांना पाहून. त्यातले कितीतरी स्वयंसेवक होते, स्वतःहून झोकून देणारे. आळशी माणूस सहसा असा जळत नाही. आणि सुट्टीबद्दल म्हणाल तर १९९७ च्या एका संशोधनात सुट्टीचा आराम तीन आठवड्यांत पार ओसरलेला दिसला.

पुढे मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मास्लाक यांनी या अवस्थेची तीन अंगं सांगितली: भावनिक थकवा, समोरच्या माणसाबद्दल तुटलेपण, आणि आपल्या हातून काहीच होत नाही ही भावना. यातल्या मधल्याची मला सगळ्यात भीती वाटते. आमच्याकडे पेशंटचं नाव जाऊन 'सात नंबरचा बेड' होतो. वर्गात मुलाचं 'तो मागच्या बाकावरचा' होत असेल. असं बोलणारी बाई वाईट नसते, तिच्याकडे द्यायला काही उरलेलं नसतं. आणि आडवाट दादा, हे तुमच्या मुलीपर्यंत पोचतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. ज्या वर्गांचे शिक्षक जास्त थकलेले होते, त्या वर्गांतल्या मुलांच्या सकाळच्या लाळेत कॉर्टिसॉल हे ताणाशी संबंधित संप्रेरक जास्त आढळलं. आधी शिक्षक थकला की मुलांच्या ताणामुळे शिक्षक थकला, हे त्यावरून ठरत नाही. पण दोघांचं दुखणं जोडलेलं आहे, एवढं नक्की.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद केली ती आजार म्हणून नाही, कामाच्या जागेशी निगडित अवस्था म्हणून. त्यामुळे शिक्षकांना नुसते ध्यानधारणेचे वर्ग देणाऱ्यांचा मला फार राग येतो.

कोरीपाटी

मी पण सरकारी शाळेतच शिकवतो, वरचे वर्ग. निळीशाई मॅडमशी अर्धाच सहमत.

मॅडम, वर्गात समाधान आणि बाहेर थकवा अशी सरळ वाटणी तुम्ही करता, ती माझ्या शाळेत लागू होत नाही. मला वर्गच थकवतो. घरी मार खाऊन आलेला मुलगा, रात्रभर धाकट्या भावाला सांभाळलेली मुलगी, वाचताच येत नाही हे लपवण्यासाठी दंगा करणारा चौदा वर्षांचा पोरगा. यांच्यासमोर दिवसभर शांत, प्रसन्न राहायचं, प्रत्येकाला 'तू महत्त्वाचा आहेस' हे जाणवून द्यायचं. हे मोजता न येणारं काम आहे. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये याला भावनिक श्रम म्हटलं. उद्या सगळे कागद बंद झाले तरी हे श्रम तसेच राहणार. सरकारी शाळा कुणाला परत पाठवत नाही, ते योग्यच आहे, पण त्याचा सगळा भार एका माणसाच्या अंगावर येतो.

मला हवा आहे तो समुपदेशक, लहान वर्ग, आणि बोलायला एखादा सहकारी. मुलाने हात उगारला तर संध्याकाळी ते कुणाला सांगायचं? शिक्षकांच्या खोलीत अशी गोष्ट काढली की 'तुला वर्ग सांभाळता येत नाही' हा शिक्का बसतो. आपणच एकमेकांना एकटं पाडतो, हेही या धाग्यात यायला हवं.

मावळता_मुख्याध्यापक

इथे सगळे पगाराला फारच लवकर बाजूला सारत आहेत. पगाराला समाधानाच्या कारणांत न धरणाऱ्या हर्झबर्ग यांच्या मांडणीवर पुढे बरीच टीका झाली आहे, ती झाकून ठेवू नये. निळीशाई ताईंनी ज्या टॅलिसचा दाखला दिला, त्यातच पगाराबद्दल समाधानी असलेले शिक्षक सरासरी ३९ टक्के होते. एकाच शाळेत, एकाच इयत्तेच्या दोन तुकड्यांना शिकवणाऱ्या दोघांपैकी एक कायम आणि एक कंत्राटी. काम तेच, मोबदला निम्म्याहून कमी, पुढच्या वर्षी नोकरी असेल की नाही ठाऊक नाही. अशा तरुणाला 'मूल शिकलं हाच मोबदला' सांगणं मला क्रूर वाटतं. मुख्याध्यापक म्हणून मी असे तरुण जवळून पाहिले आहेत. ते खचतात ते अन्यायाने. मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी बर्नआउटच्या सहा कारणांत कामाच्या भाराबरोबर न्याय्य वागणुकीचा अभावही धरला आहे, तो उगीच नाही.

आडवाट यांचा हजेरीचा मुद्दा मला मान्य आहे. पगार पूर्ण घेऊन वर्गाकडे न फिरकणाऱ्यांना थकव्याच्या नावाखाली संरक्षण देऊ नका. अशा एका माणसाचं काम उरलेल्या चौघांवर येतं आणि तेच आधी मोडतात.

निळीशाई

सर, कंत्राटी शिक्षकांबद्दलचं तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. मनाच्या मोबदल्याचं नाव घेऊन पैशाचा मोबदला कापणं ही जुनी युक्ती आहे. जपानचं उदाहरण देते. तिथे १९७१ च्या कायद्याने सरकारी शाळेतल्या शिक्षकांना जादा तासांचे पैसे मिळत नाहीत, त्याऐवजी मूळ पगाराच्या ४ टक्के ठरावीक रक्कम ठरली. हा आकडा १९६६ च्या पाहणीवर बेतलेला, तेव्हा जादा काम महिन्याला साधारण ८ तास होतं. टॅलिस २०१८ मध्ये तिथल्या माध्यमिक शिक्षकांचा कामाचा आठवडा ५६ तासांचा निघाला, सहभागी देशांत सर्वांत मोठा. त्यातलं प्रत्यक्ष शिकवणं १८ तासांचं. बाकीचे तास क्रीडा-कला मंडळं, तयारी, कागद, बैठका यांत गेले. खाजगी शाळांना हा कायदा लागूच नाही. २०२५ मध्ये दुरुस्ती झाली, ४ चे टप्प्याटप्प्याने १० टक्के होणार आहेत. मला हे पुरेसं वाटत नाही, कारण जादा तासांचे पैसे तास मोजून द्यायची सक्ती अजूनही आलेली नाही. ज्या कामाची किंमत मोजावी लागत नाही, ते वरचा अधिकारी कधीच कमी करत नाही.

कोरीपाटी सर, तुमचं वर्गाबद्दलचं म्हणणं नाकारत नाही. तरी एक विचारते. त्या चौदा वर्षांच्या मुलाला वाचायला शिकवण्यासाठी रोज अर्धा तास मोकळा मिळाला असता, तर तो वर्ग तुम्हाला एवढाच थकवणारा वाटला असता का?

कोरीपाटी

थकवणारा वाटला असताच. पण त्या थकव्याने रात्री झोप तरी लागली असती. आत्ता ती लागत नाही.

आडवाट

सगळं वाचलं. रात्रपाळी ताईंनी लिहिलेलं तुटलेपण माझ्या मुलीच्या एका बाईंच्या वागण्यात मी पाहिलंय. बाई रागीट आहेत एवढंच मी तेव्हा घरी बोललो होतो.

माझा मुख्य मुद्दा मी सोडत नाही. शाळेने पालकांना उत्तर दिलंच पाहिजे. पण मग मला ठोस सांगा. पुढच्या पालकसभेत मी काय मागू? 'शिक्षकांचा ताण कमी करा' म्हणालो तर सगळे माना हलवतील आणि घरी जातील.

निळीशाई

तीन गोष्टी मागा. पहिली, नवीन नोंदवही किंवा नवीन नमुना सुरू करायचा असेल तर जुना एक बंद झालाच पाहिजे, आणि कोणता बंद केला ते सभेत वाचून दाखवायचं. दुसरी, शाळेच्या वेळात आलेलं वर्गाबाहेरचं काम किती तासांचं होतं, याचा हिशेब दर महिन्याला पालकांसमोर ठेवायचा. शिक्षकांनी सांगितलं की तक्रार ठरते, पालकांनी विचारलं की उत्तर द्यावं लागतं. तिसरी, बदली शिक्षक. आजारी बाईंचा वर्ग दुसऱ्या वर्गात कोंबला जातो, म्हणून त्या ताप अंगावर काढून शाळेत येतात.

आडवाट

पहिल्या दोन मागतो. तिसरीसाठी पैसे लागतील, ते शाळेच्या हातात नसतात, तेव्हा ती वर लिहावी लागेल. मसुदा तुम्ही द्या, सह्या मी गोळा करतो. पण हजेरीची आणि वाचन-गणिताच्या प्रगतीची नोंद बंद करायच्या यादीत येणार असेल तर मी सही करणार नाही.

निळीशाई

त्या दोन्ही राहू देत, मला त्या हव्याच आहेत. प्रगतीची नोंद मात्र वर्षातून किती वेळा, यावर आपलं भांडण होणार. मी दोनदा म्हणते.

आडवाट

चार.