मदत हवी आहे: एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाच्या) सेटलिंग टाकीत गाळ वर तरंगतोय

सोसायटीचा एसटीपी रोज २५ हजार लिटरचा, एक्स्टेंडेड एरेशन (जास्त वेळ हवा देण्याच्या) पद्धतीचा आहे. एरेशन टाकीत डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) ३ आणि एमएलएसएस (तरंगत्या गाळाचं प्रमाण) ३५०० मिग्रॅ/लिटर. एक लिटरच्या सिलिंडरमध्ये ३० मिनिटांत गाळ ३०० मिलीवर छान बसतो, पण दोनेक तासांनी बुडबुड्यांसकट वर येतो. म्हणजे हा नीट न बसणारा, फुगलेला गाळ (बल्किंग) नव्हे. तळाशी ऑक्सिजन संपून नायट्रेटचा नायट्रोजन वायू होतोय, असं वाटतं. पीएचही ६.६ वर उतरलाय.

बसलेला गाळ एरेशन टाकीत परत नेणारा रिटर्न पंप तासाला १५ मिनिटंच चालतो. तो सलग चालवावा, की ब्लोअर थांबवून आधी अ‍ॅनॉक्सिक टप्पा (हवा न देता नायट्रेट घालवण्याचा) द्यावा? ब्लोअर बंद असताना मेम्ब्रेन डिफ्युझर (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारे) चोंदतात का? हेच पाणी फ्लशला जातं, म्हणून काळजी आहे. कृपया अनुभवी मंडळींनी सांगावं.